टर्बो बसवण्याआधी मांडावयाचा हिशेब

स्पोर्ट्‌स कारला किंवा एखाद्या चपळ हॅचबॅकला टर्बोचार्जर बसवण्याचा विचार मनात आला, की मोटारमालक पहिली चौकशी करतो ती टर्बोच्या किमतीची. वास्तविक या कामात टर्बो आणि त्याला लागून असलेले भाग यांचा वाटा एकूण खर्चाच्या पाव हिश्श्याच्या आसपास असतो. उरलेला पैसा जातो तो टर्बोला साथ देणाऱ्या भागांवर. हवा थंड करणारा इंटरकूलर, जादा पेट्रोल पुरवणारे इंजेक्टर आणि पंप, इंजिनाचा हिशेब नव्याने मांडणारा संगणक, वाढलेली ताकद पेलणारा क्लच आणि वाढलेला वेग आवरणारे ब्रेक ही ती यादी. हे भाग वगळून नुसता टर्बो बसवला, तर इंजिन काही दिवस झकास पळते आणि एखाद्या तापलेल्या दुपारी पिस्टन जाऊन कायमचे थांबते.

हा हिशेब मांडताना मोटार कोणत्या मुलखात चालणार, हेही पाहावे लागते. त्या दृष्टीने बुलढाणा जिल्ह्याचे उदाहरण बोलके आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग केले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा हा पठारी प्रदेश. तर मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव आणि जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यातील सखल प्रदेश. घाटावर हवा विरळ, घाटाखाली एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पलीकडे. दोहोंना जोडणारे राजूर आणि बोथा घाटांचे चढ आणि दक्षिणेकडून जाणारा समृद्धी महामार्ग. टर्बो मोटारीची परीक्षा पाहणाऱ्या बहुतेक गोष्टी एकाच जिल्ह्यात एकवटल्या आहेत.

पहिली पायरी कायद्याची

सुटे भाग पाहण्याआधी कायदा पाहणे श्रेयस्कर. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल, असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी दिलेल्या निकालात या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून लागू झालेल्या दुरुस्तीने कलम १८२-अ आणले. त्यानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

बाहेरून बसवलेल्या टर्बोमुळे इंजिनाची ताकद आणि धुराचे प्रमाण दोन्ही बदलतात. उत्पादकाने ज्या चाचण्यांवर मोटारीसाठी मंजुरी मिळवली, त्या चाचण्या मग त्या मोटारीला लागू राहत नाहीत. अशा चाचण्या पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या मान्यताप्राप्त संस्थांत होतात. एकट्या मोटारीसाठी त्या करून घेणे खासगी मालकाच्या आवाक्यातील बाब नव्हे. बुलढाण्याच्या एमएच-२८ क्रमांकाची मोटार असो वा पुण्याची, नियम एकच. शिवाय बदलाची माहिती विमा कंपनीला दिलेली नसेल, तर अपघातानंतर स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाण्याचा धोका उरतोच.

म्हणजेच खासगीरीत्या बसवलेला टर्बो ही मुळात शर्यतीच्या मोटारीची, बंदिस्त मार्गावरची गोष्ट आहे. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई आणि कोइमतूरचा कारी स्पीडवे हे देशातील जुने शर्यतमार्ग. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळील आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. मोटार तेथपर्यंत ट्रकवर लादून नेण्याचा खर्चही अंदाजपत्रकात धरावा लागतो. रोजच्या वापरासाठी टर्बो हवा असेल, तर कारखान्यातून टर्बोसह आलेली मोटार घेणे हाच सरळ मार्ग होय.

टर्बो नेमके काय करतो?

पेट्रोल जाळायला हवा लागते. साधे इंजिन पिस्टनच्या ओढीने जेवढी हवा आत येईल तेवढ्यावर भागवते. टर्बोचार्जरमध्ये एकाच दांड्यावर दोन चाके असतात. सायलेन्सरकडे जाणारा तप्त धूर एक चाक फिरवतो आणि दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा अधिक, म्हणून पेट्रोल अधिक आणि म्हणून ताकद अधिक, असा हा साधा हिशेब आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले.

अंदाजासाठी एक ढोबळ नियम वापरला जातो. दर १० अश्वशक्तीमागे मिनिटाला सुमारे ४५० ग्रॅम हवा लागते. १.४ लिटरचे साधे इंजिन ६ हजार फेऱ्यांना मिनिटाला सव्वाचार किलोच्या आसपास हवा घेते आणि ९० अश्वशक्तीच्या आसपास ताकद देते. तेच इंजिन १५० अश्वशक्तीवर न्यायचे तर मिनिटाला पावणेसात किलो हवा हवी. टर्बो निवडताना हा आकडा हाताशी असावा लागतो. कारण प्रत्येक टर्बोचा उत्पादक तो किती हवा कोणत्या दाबाला किफायतशीरपणे देतो, याचा आलेख प्रसिद्ध करतो. गरजेपेक्षा मोठा टर्बो घेतला तर तो उशिरा जागा होतो आणि घाटाच्या वळणातून बाहेर पडताना मोटार मलूल वाटते. फार लहान घेतला तर वरच्या फेऱ्यांना तो हवेऐवजी उष्णताच जास्त देतो. मध्यम ताकदीच्या कामाला थोडा लहान टर्बो केव्हाही बरा.

कारखान्याने हा हिशेब कसा मांडला?

महाराष्ट्रातच तयार झालेल्या एका मोटारीवरून हे स्पष्ट होते. फियाटच्या रांजणगाव येथील कारखान्यात बनलेल्या पुंटो इव्हो या मोटारीत १,३६८ घनसेंटिमीटरचे साधे पेट्रोल इंजिन होते. त्याची ताकद ९० अश्वशक्ती आणि टॉर्क म्हणजे पीळ ११५ न्यूटन मीटर. ऑक्टोबर २०१५ मध्ये याच मोटारीची अबार्थ ही आवृत्ती बाजारात आली. इंजिनाची क्षमता तीच, १,३६८ घनसेंटिमीटर. पण टर्बोमुळे ताकद १४५ अश्वशक्ती आणि टॉर्क २१२ न्यूटन मीटर. ताकदीत सुमारे ६० टक्के आणि टॉर्कमध्ये ८४ टक्के वाढ झाली.

ही वाढ नुसता टर्बो चढवून साधलेली नव्हती. टर्बो इंजिनाची अंतर्रचना दाब पेलण्यासाठीच ठरवलेली होती. मोटारीला चारही चाकांवर डिस्क ब्रेक होते, सस्पेन्शन अधिक कडक होते आणि मोटार जमिनीच्या अधिक जवळ आणली होती. टाटा मोटर्सने कोइमतूरच्या जयेम या संस्थेच्या साथीने २०१८ मध्ये टियागोची टर्बो आवृत्ती काढली, तेव्हाही इंजिनाबरोबर सस्पेन्शन, चाके आणि टायर बदलले होते. कारखान्याला जे टाळता आले नाही, ते गॅरेजमध्ये टाळता येईल, असे मानण्यास आधार नाही.

साथीच्या भागाकडे दुर्लक्ष झाले की काय होते, याचा धडा मोटारींच्या इतिहासात फार लवकर मिळाला. अमेरिकेतील ओल्ड्‌समोबील कंपनीने १९६२ मध्ये जेटफायर ही टर्बो मोटार आणली. तिच्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो १०.२५ इतका चढा होता. त्यामुळे पेट्रोल अवेळी पेटू नये म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण आत फवारण्याची सोय केली होती. मिश्रणाची टाकी रिकामी झाली की यंत्रणा टर्बोचा दाब रोखून धरी. अनेक मालक ती टाकी भरीनात आणि ताकद कमी झाल्याची तक्रार करीत. शेवटी कित्येक मोटारींतील टर्बो काढून तेथे साधे कार्ब्युरेटर बसवावे लागले. मोटार चांगली होती. कमी पडली ती साथ.

उष्णतेचा बंदोबस्त

बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाचा साथीदार म्हणजे इंटरकूलर. हवा दाबली की ती तापते. मलकापूर किंवा शेगावच्या रस्त्यावर मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश सेल्सिअसची हवा टर्बोने दीडपट दाबली आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे ९७ अंशांवर जाते. उकळत्या पाण्याइतकी गरम हवा इंजिनात गेली, की पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता अवेळी पेटू लागते. यालाच नॉकिंग म्हणतात. पिस्टनवर हातोडीचे घाव बसावेत तसा तो प्रकार असतो आणि तो आवाज कानी येईपर्यंत बहुधा नुकसान झालेले असते.

इंटरकूलर म्हणजे हवेचा रेडिएटर. टर्बोमुळे वाढलेल्या तापमानापैकी ७० टक्के भाग काढून टाकणारा इंटरकूलर असेल, तर ९७ अंशांची हवा ५८ अंशांच्या आसपास येते. थंड हवा घट्ट असल्याने त्याच दाबाला ११ टक्क्यांहून अधिक हवा इंजिनात जाते, हा वरचा फायदा. इंटरकूलर विकत घेताना केवळ आकार पाहू नये. तो मोटारीच्या तोंडाशी, थेट वारा लागेल असा बसतो का, त्याच्यामुळे मागच्या रेडिएटरचा आणि एसीच्या कंडेन्सरचा वारा अडतो का, हे आधी मोजून घ्यावे. घाटात मोटार सावकाश चढते तेव्हा इंजिनावर भार पूर्ण असतो आणि वारा मात्र नसतो. म्हणून रेडिएटरचा पंखा, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट आणि रबरी नळ्या सुस्थितीत असणे हा टर्बोच्या कामाचाच भाग समजावा.

उंचीचाही परिणाम होतो. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सात ते साडेसात टक्क्यांनी कमी असतो आणि साध्या इंजिनाची ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते. टर्बो ही तूट भरून काढतो खरा. परंतु तेवढा दाब गाठण्यासाठी त्याला अधिक वेगाने फिरावे लागते आणि तो हवा अधिक तापवतो. मुंबईच्या मोटारीसाठी ठरवलेली मांडणी घाटावर जशीच्या तशी उतरवणे त्यामुळे योग्य नाही.

काळ्या मातीची धूळ आणि हंगामात उडणारा कापसाचा तंतू यांमुळे एअर फिल्टरचा प्रश्नही येथे गंभीर होतो. मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेणाऱ्या चाकावर बारीक खडा आदळला तरी पाते तुटते. फिल्टर उघडा ठेवून शिट्टीसारखा आवाज ऐकण्याची हौस महागात पडते. बंद पेटीतला, थंड हवा घेणारा आणि वरचेवर बदलता येणारा फिल्टर निवडावा.

तेल हा टर्बोचा प्राण

टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. पेट्रोल इंजिनाच्या धुराचे तापमान पूर्ण भारावर ९०० अंशांच्या वर जाऊ शकते. त्यामुळे तेलाची नळी उष्णता पेलणारी हवी. तेल परत नेणारी नळी मात्र अधिक महत्त्वाची. हे तेल दाबाने नव्हे, तर उतारावरून वाहते. म्हणून ती नळी रुंद, कमी वळणांची आणि सतत उताराची असावी आणि इंजिनाखालच्या ऑइल पॅनमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडावी. ही एक नळी चुकली, की तेल टर्बोत तुंबते, सील ओलांडते आणि मागून निळा धूर निघू लागतो. दोष मग टर्बोच्या माथी मारला जातो.

ज्या टर्बोच्या मधल्या भागातून पाणीही खेळवता येते, तो निवडलेला चांगला. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद केले, तर टर्बोत अडकलेले तेल जळून त्याचा कोळसा होतो. पाण्याची सोय असल्यास ही आच कमी होते. तरीही मिनिटभर इंजिन सावकाश चालू ठेवून मगच बंद करण्याची सवय लावून घेणे हिताचे. तेलाची प्रत उंचावणे आणि ते बदलण्याचे अंतर कमी करणे हा कायमचा खर्च आहे. तो एकदाचा नसल्याने अंदाजपत्रकात हमखास विसरला जातो.

पेट्रोल आणि संगणक

हवा वाढवली पण पेट्रोल वाढवले नाही, तर मिश्रण पातळ होते आणि इंजिन जळते. याचाही हिशेब कागदावर करता येतो. टर्बो इंजिनाला पूर्ण भारावर दर अश्वशक्तीमागे तासाला सुमारे २७० ग्रॅम पेट्रोल लागते, असे धरतात. १५० अश्वशक्तीला तासाला साडेचाळीस किलो, म्हणजे चार सिलिंडरांपैकी प्रत्येकाला मिनिटाला सुमारे २२८ मिलिलिटर. इंजेक्टर ८० टक्क्यांहून अधिक काळ उघडा राहू नये, हा संकेत. तो पाळला तर प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला किमान २८५ मिलिलिटर देणारा हवा.

येथे पेट्रोलमधील इथेनॉलचा विचार करावा लागतो. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये ते देशभर सर्रास मिळू लागले. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने तेवढ्याच हवेला सुमारे ८ टक्के अधिक इंधन लागते. म्हणजे वरचा आकडा ३१० च्या आसपास जातो. इथेनॉलचा ऑक्टेन अंक शंभराच्या वर असल्याने नॉकिंगविरुद्ध त्याची मदत होते, ही जमेची बाजू. उलट जुन्या मोटारींतील रबरी नळ्या आणि सील त्याने खराब होऊ शकतात. इंजेक्टर बदलताना या नळ्याही बदलाव्यात.

शंभर ऑक्टेनचे पेट्रोल देशात डिसेंबर २०२० मध्ये आले, ते प्रथम मुंबई-पुण्यासारख्या निवडक दहा शहरांत. खामगाव किंवा चिखलीच्या पंपावर रोज जे पेट्रोल मिळते, त्यावरच इंजिनाची मांडणी बेतणे शहाणपणाचे. उत्तम पेट्रोलवर बेतलेली मोटार साध्या पेट्रोलवर चालवणे हा इंजिन गमावण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

हा सारा मेळ घालतो तो इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू. मूळ ईसीयूला टर्बोची कल्पनाच नसते. त्याला नवी आज्ञावली देणे, त्याच्या जोडीला दुसरा छोटा संगणक लावणे किंवा संपूर्ण नवा ईसीयू बसवणे, हे तीन पर्याय. पहिला स्वस्त, पण प्रत्येक मोटारीत शक्य नसतो. दुसरा मूळ संगणकाला चकवून काम काढतो, म्हणून तो सौम्य दाबापुरताच योग्य. तिसरा महाग, पण सर्व सूत्रे हाती देणारा. कोणताही पर्याय घेतला तरी वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर हवाच. हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण सामान्य चालीला १४.७ ला १ असते. पूर्ण दाबाला ते साडेअकरा ते बाराच्या आसपास आणावे लागते. हे प्रमाण अंदाजाने नव्हे, तर मोजूनच साधते. त्यासाठी मोटार डायनोवर, म्हणजे चाके जागच्या जागी फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर चढवावी लागते. ही सोय बहुधा मोठ्या शहरांतच असते. तेथील दोन-तीन दिवसांचा मुक्काम, यंत्राचे भाडे आणि तंत्रज्ञाचे मानधन हा खर्च टर्बोच्या किमतीशी बरोबरी करू शकतो.

मूळ इंजिन किती पेलेल?

साध्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो बहुधा साडेदहा-अकराच्या घरात असतो. अशा इंजिनाचे पिस्टन न बदलता टर्बो लावायचा, तर दाब मर्यादित ठेवणे भाग आहे. ०.३ ते ०.४ बार एवढा जादा दाब हीच तेथे समंजस मर्यादा. त्याहून पुढे जायचे तर कमी रेशोचे घडीव पिस्टन, भक्कम कनेक्टिंग रॉड आणि धातूचे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन संपूर्ण उघडणे आले. तेव्हा हिशेब जवळपास दुप्पट होतो.

काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरचा कॉम्प्रेशन तपासून घ्यावा. चारांपैकी एक सिलिंडर कमकुवत निघाला, तर टर्बोचा विषय तेथेच थांबवून आधी इंजिनाचे काम करावे. थकलेल्या इंजिनात टर्बो नवी ताकद भरत नाही. त्याचा उरलेला दम तेवढा लवकर संपवतो. एका पायरीने थंड स्पार्क प्लग हा सर्वांत स्वस्त आणि आवश्यक बदल. क्लचचाही विचार ओघाने येतो. टॉर्क ८० टक्क्यांनी वाढला, की मूळ क्लच सरकू लागतो आणि घाटातच त्याचा जळका वास येतो.

ब्रेक आणि टायर

वेगात असलेल्या मोटारीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० ऐवजी १२० किलोमीटर वेग असेल, तर ब्रेकना ४४ टक्के जादा ऊर्जा जिरवावी लागते. १२० वरून १५० वर गेल्यास त्यात आणखी ५६ टक्क्यांची भर पडते. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग टप्प्याटप्प्याने खुला झाला. पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा ५ जून २०२५ रोजी. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची कमाल मर्यादा आहे. रस्ता सरळ आणि मोकळा असल्याने ती ओलांडण्याचा मोह होतो.

सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. त्या अपघाताचा टर्बोशी संबंध नव्हता. पण वेगवान रस्त्यावर क्षणाच्या चुकीला किती मोल द्यावे लागते, हे जिल्हा विसरलेला नाही. तापलेल्या काँक्रीटवर दीर्घकाळ धावताना टायरमधील हवा तापते आणि जुना किंवा कमी हवेचा टायर फुटतो. म्हणूनच महामार्गाच्या प्रवेशद्वारांवर परिवहन विभागाने टायरची तपासणी हाती घेतली होती. वाढीव ताकदीच्या मोटारीला वेगाच्या योग्य श्रेणीचे, पाच वर्षांच्या आतील टायर, चांगले ब्रेक पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल ही सजावट नव्हे. बंदिस्त मार्गावरही हेच लागू पडते; तेथे तर ब्रेक अधिकच तापतात.

चार लाखांची वाटणी

प्रत्येक मोटारीचा खर्च वेगळा. तरीही प्रमाण ध्यानात यावे म्हणून चार लाख रुपयांच्या रकमेची, मूळ इंजिनावर सौम्य दाब ठेवणारी एक नमुना वाटणी अशी करता येईल :

टर्बो, मॅनिफोल्ड आणि वेस्टगेट : ९० हजार
इंटरकूलर, हवेच्या, तेलाच्या व पाण्याच्या नळ्या : ५५ हजार
इंजेक्टर, पेट्रोलचा पंप, नळ्या व प्लग : ४० हजार
ईसीयू, सेन्सर आणि डायनोवरील मांडणी : ९० हजार
क्लच : २५ हजार
एक्झॉस्टचे पाइप व सायलेन्सर : २० हजार
ब्रेक आणि टायर : ४० हजार
राखीव : ४० हजार

राखीव रकमेला हात लावायचा नाही, असे ठरवूनच निघावे. तुटलेला बोल्ट, न जुळणारा पाइप, दुसऱ्यांदा करावी लागलेली वेल्डिंग यांत ती संपतेच. परदेशातून भाग मागवल्यास सीमाशुल्क, वस्तू व सेवा कर आणि वाहतूक ही भर वेगळी. मोटारींच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. पूर्वी बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता.

रक्कम अपुरी असेल, तर भागांची प्रत कमी करण्याऐवजी खरेदीचे टप्पे पाडावेत. आधी ब्रेक, टायर आणि इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा. नंतर पेट्रोलचा पुरवठा, मापक आणि ईसीयू. टर्बो सर्वांत शेवटी. या क्रमाने गेल्यास मधेच पैसा संपला, तरी हाती एक सुस्थितीतील मोटार उरते. उलट क्रमाने गेल्यास हाती उरतो तो चकचकीत टर्बो आणि गॅरेजमध्ये उभी असलेली मोटार.

जुना टर्बो घ्यावा का?

भंगार बाजारात डिझेल मोटारींचे टर्बो मुबलक आणि स्वस्त मिळतात. मालमोटारींमुळे मेस्त्रींच्याही ते हातचे असतात. पण डिझेलच्या धुराचे तापमान पेट्रोलच्या तुलनेत कमी असल्याने अशा टर्बोचे धुराकडील चाक आणि आवरण पेट्रोल इंजिनाची आच सोसण्यासाठी घडवलेले असेलच, असे नाही. ते तडकू शकते. जुना टर्बो घ्यायचाच असेल, तर पेट्रोल मोटारीचाच घ्यावा. दांडा बोटांनी हलवून पाहावा. आडवी किंचित हालचाल चालते, कारण तेलाच्या थरासाठी तेवढी फट ठेवलेली असते. मागे-पुढे मात्र तो जाणवण्याइतका सरकता कामा नये. पात्यांच्या कडा झिजलेल्या किंवा आवरणाला घासलेल्या नसाव्यात. नावाजलेल्या कंपन्यांची नक्कल सर्रास विकली जाते. किंमत फारच कमी असेल, तर क्रमांक उत्पादकाकडून पडताळून घ्यावा.

वेस्टगेट, म्हणजे जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, हा भाग छोटा असला तरी त्यात कधीही कसर करू नये. ती अडकली की दाब बेलगाम वाढतो आणि वरच्या सगळ्या हिशेबावर पाणी फिरते. मॅनिफोल्ड बिडाचा असल्यास जड, पण टिकाऊ असतो. पत्र्याच्या नळ्यांचा दिसायला देखणा, पण वेल्डिंग कच्चे असल्यास तडा जातो.

या साऱ्या खर्चात सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे वही आणि पेन्सिल. किती हवा, किती पेट्रोल, किती उष्णता आणि किती ब्रेक हे चार आकडे आधी कागदावर मांडले, तर चार लाखांचा निर्णय घेण्याची वेळ येईपर्यंत मोटारमालकाला आपली खरी गरज कळलेली असते. कित्येकदा हा हिशेब पुरा झाल्यावर कारखान्यातच टर्बो बसवलेली, हमी आणि विमा शाबूत असलेली मोटार घेणे अधिक स्वस्त ठरते. तसे उत्तर निघाले, तर हिशेब वाया गेला असे समजण्याचे कारण नाही. तो सर्वांत आधी मांडायचा असतो, तो याचसाठी.